जानकीआत्यांची कपबशी

मी कपबशी बोलतेय. निळ्या काठाची, चिनी मातीची आणि स्वभावानं जरा घाबरट. कारखान्याचा भोंगा झाला की मी कपाटात बसल्या जागी किणकिणायला लागते. सेटमधल्या बाकीच्या जणी मला हसतात.

मुलुंडला अण्णांनी स्वतःचं घर बांधलं तेव्हा त्यांनी आम्हाला आणलं, ते पाहुण्यांसाठी. आम्हाला पुसून लखलखीत ठेवायच्या त्यांच्या विधवा बहीण, जानकीआत्या. त्यांचा स्वतःचा चहा मात्र पोचे आलेल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यातून. माणसांचं मला हे कधी कळलं नाही. चांगली वस्तू येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी, आणि राबणाऱ्याला पोचे.

एका रविवारी अण्णा बायकोला, रुक्मिणीवहिनींना, एवढंच म्हणाले, "दुपारी जयवंतराव वकील येतायत. शेजारचे मधुकरराव आणि त्यांचा भाऊ नंदकुमारही. चहाचं बघा."

कशाला येतायत, ते काही बोलले नाहीत.

वहिनी स्वयंपाकघरात धावल्या. "वन्सं, नंदकुमार लग्नाचा आहे. बँकेत लागलाय."

झालं! पोहे भिजले, कांदे चिरले, कपाट उघडलं आणि पहिला मान मला. माझ्या तर अंगात आनंद मावेना. अण्णांच्या लेकीला, अनुपमाला, हिरवं पातळ नेसवलं. ती पोर माझ्याहून घाबरट.

"आत्या, माझी बी.ए.ची परीक्षा आहे गं."

"नुसतं बघायला येतायत. खात नाहीत तुला." आत्यांनी तिची वेणी घातली आणि स्वतः चुलीपाशी कोपऱ्यात जाऊन बसल्या. शुभकार्यात विधवेनं पुढं यायचं नसतं ना. "मला हाक मारू नका हं कुणी," त्या म्हणाल्या.

अनुपमा ट्रे घेऊन निघाली. तिच्या पावलागणिक मी बशीत किणकिणत होते. बाहेर वकील चष्मा लावून वाचत होते, "माझ्या मृत्यूनंतर या घराची व्यवस्था..."

ट्रे कलंडला. मी टेबलाच्या कडेवर आपटले आणि माझा कान तुटून नंदकुमारच्या पायाशी पडला.

"अण्णा, काय झालंय तुम्हाला?" अनुपमा रडायलाच लागली.

"काही नाही गं. मृत्युपत्र करतोय." अण्णा ओशाळले. "घरात हा शब्द काढला असता, तर तुझ्या आईनं शांती करायला भटजी बोलावले असते."

"भटजी परवडले," वहिनी दारातून म्हणाल्या. "मी पोरीला नटवून बसले ना!"

नंदकुमार गोरामोरा झाला. "मला दादानं साक्षीदार म्हणून आणलंय. धुतलेला शर्ट घाल, एवढंच सांगितलं."

वकील पोटभर हसले. मग म्हणाले, "वहिनी, नव्या कायद्यानं मुलीलासुद्धा वाटा आहे. पण बायको-मुलं असताना बहिणीला काही नाही. उद्या अण्णा नसले आणि घर विकायचं ठरलं, तर जानकीबाईंनी जायचं कुठं? म्हणून मागची खोली त्यांना हयातभर राहायला लिहून ठेवतोय. बोलवा त्यांना."

आत्या येईनात. शेवटी अण्णाच आत गेले आणि हाताला धरून त्यांना बाहेर घेऊन आले.

"मला कशाला खोली?" आत्या पदर सावरत म्हणाल्या. "मी कुठं जायचीय?"

"कुठं जायला लागू नये म्हणूनच."

वकिलांनी विचारलं, "आडाचं पाणी, मागलं अंगण, सगळं घातलंय. तुम्हाला अजून काही हवंय?"

आत्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "त्या खोलीला आतून कडी नाही. धान्य न्यायला, गाद्या काढायला कुणीही आत येतं. साधं लुगडं बदलायचं तरी पाठ दाराला लावून उभी राहते मी."

वहिनींनी मान खाली घातली.

"हे कागदात नको," वकील म्हणाले. "याला सुतार हवा."

अण्णांनी पेन उचललं. माझा जीव टांगणीला! आणि नंदकुमार बघतोय कुठं, तर माझा कान वेचणाऱ्या अनुपमाकडे.

"साक्षीदार, सही इकडे होतेय," वकिलांनी टोकलं. "तिकडची साक्ष पुढं कधीतरी."

वहिनीसुद्धा हसल्या. अण्णांची सही झाली, दोघा भावांनी डोळ्यांनी पाहिली, मग त्यांच्या सह्या झाल्या.

कान तुटलेला कप पाहुण्यांपुढं ठेवत नाहीत. मला वाटलं, आता उकिरडा. पण वहिनींनी मला धुतलं, चहानं भरलं आणि म्हणाल्या, "वन्सं, आजपासून यातून घ्या. नवा आणेपर्यंत."

नवा आला, पण आत्यांनी मला सोडलं नाही. अण्णा अजून ठणठणीत आहेत. मृत्युपत्रानं माणूस मरत नाही, हे मी छातीठोक सांगते. तेव्हा बाबांनो, त्या शब्दाला माझ्यासारखे दचकू नका. घरातल्या माणसाला त्याची जागा हसतखेळत देऊन टाका.

आता दुपारी आत्या कडी लावतात, पाय पसरतात आणि मला दोन्ही हातांत धरतात. इतक्यात दारावर टकटक होते. मी सवयीनं किणकिणते. घराचे मालक बाहेर उभे असतात.

"जानके, येऊ का गं आत?"

आत्या सावकाश एक घोट घेतात. मग म्हणतात, "थांब. चहा संपू दे माझा."