लॉकरवरचं कार्ड

साहेबांनी दोन चाचण्या समोर ठेवल्या, एक स्वभावाची आणि एक बलस्थानांची. "तुमच्या छपाई विभागासाठी एकच निवडा."

गेल्या वर्षी स्वभावाची झाली होती. निकालाची कार्डं सगळ्यांनी हौसेने लॉकरवर चिकटवली. मशीनवरच्या काकांना 'अबोल' मिळालं. तेव्हापासून त्यांना मीटिंगला कुणी बोलवेना. हा माणूस नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखतो.

परवा रोलर तुटला. काका म्हणाले, "आठवडाभर आवाज बदलला होता."

माझं डोकं फिरलं. "मग सांगितलं का नाही?"

त्यांनी कार्डाकडे बोट दाखवलं.

आज साहेबांसमोर मी बलस्थानांच्या चाचणीवर सही ठोकली. मग लॉकरपाशी जाऊन आधी माझंच कार्ड फाडलं. त्यावर छापलं होतं, 'सगळ्यांचं ऐकून घेणारा'.