व्हर्ना अँब्युलन्समध्ये काय म्हणाली

तुमचा फोन आमच्यासाठी फार मोलाचा आहे, असं विमा कंपनीचं यंत्र सकाळपासून सांगत होतं. एखादा माणूसही कधीतरी तेच सांगेल, या आशेवर ऑर्व्हिल स्ट्राउड स्वयंपाकघरात बसून होता. त्याचा जन्म शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात गेला. पण गाडी बोलावण्याआधी ती विमा कंपनीच्या नेटवर्कमधली, म्हणजे कंपनीशी करार असलेली, आहे का हे विचारायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. बायको व्हर्ना अंगणात कोसळली तेव्हा त्यानं नुसतीच अँब्युलन्स बोलावली. हॉस्पिटल नेटवर्कमधलं निघालं, डॉक्टरही निघाले. अँब्युलन्स तेवढी बाहेरची. व्हर्ना काही घरी परतली नाही, बिल आलं. कंपनी ते भरेना, म्हणून त्यानं अपील केलं होतं.

लेक लॉर्ना कोलंबसहून आली होती. आई हॉस्पिटलच्या वाटेत तुझीच चौकशी करत होती, असं ऑर्व्हिलनं तिला सांगितलं होतं, आणि दफनाच्या दिवशी तिनं ते चर्चमध्ये उभं राहून सगळ्यांना सांगितलं. खरं तर अंगणात मिटलेले डोळे व्हर्नानं पुन्हा उघडलेच नव्हते.

शेवटी डेनीस नावाची बाई फोनवर आली. स्पीकर चालूच होता. तिनं आधी सांत्वन केलं, मग बोलणं रेकॉर्ड होतंय म्हणून बजावलं.

“पेशंट शुद्धीवर होता का, हा रकाना अँब्युलन्सवाल्यांनी कोरा सोडलाय, मिस्टर स्ट्राउड. पेशंट शुद्धीवर नसला तर गाडी निवडणार कशी? मग सगळं बिल आम्ही भरतो. त्या बेशुद्ध होत्या ना?”

बिल म्हणजे त्याचं दोन महिन्यांचं पेन्शन. बाईनं उत्तर जवळजवळ हातातच ठेवलं होतं. समोर लॉर्ना बापाच्या तोंडाकडे बघत होती.

“नाही, बाई,” तो म्हणाला. “शुद्धीवर होती. बोलत होती.”

“नीट आठवून बघा, सर. घाई नाही.”

“आठवतंय मला.”

अपील फेटाळल्याचं सांगताना डेनीसचाच आवाज पडला.

लॉर्नानं फोन बंद केला. “एवढं खरं बोलायची काय गरज होती, डॅड?” ती म्हणाली. मग तिनं विचारलं, “आणखी काय म्हणाली ती?”

ऑर्व्हिलला कधी गोष्ट रचता आली नव्हती. व्हर्ना त्यावरून त्याला आयुष्यभर चिडवत आली होती. त्यानं खुर्ची लेकीजवळ ओढली.

“म्हणाली,” तो सावकाश सांगू लागला, “लॉर्नाच्या खोलीची खिडकी अडकते, ती यायच्या आत जरा घासून ठेव.”