मनुकांची शेरी

सुपाचा वाडगा आजही भरलेलाच परत आला. एखादा चमचा काय तो पोटात गेला असेल.

“ये वो नहीं है, भरमू,” मेजरसाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले.

बेळगावच्या कॅम्पातल्या या बंगल्यावर भरमू अठ्ठावीस वर्षं खानसामा होता. गाव खानापूरकडचं, गळ्यात तुळशीची माळ. मटण शिजवणारा माळकरी म्हणून गावात त्याची यथेच्छ थट्टा व्हायची. “हात साहेबाचं, जीभ इठोबाची,” असं म्हणून तो मोकळा होई. आणि ते खरंच होतं. तो सगळा स्वयंपाक नाकाने करायचा. चव बघायच्या त्या मेमसाहेब. चमचा घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या आणि त्यांनी मान हलवली की मगच पदार्थ टेबलावर जायचा.

मागच्या थंडीत मेमसाहेब वारल्या. साहेबांचं खाण्यावरचं मन उडालं ते तेव्हापासून. एक सूप तेवढं घ्यायचे, शेवटी दोन चमचे शेरी, म्हणजे द्राक्षांची विलायती दारू, घातलेलं. मग लढाईमुळे विलायतेची जहाजं बंद झाली आणि शेरीही यायची थांबली. बाटलीच्या तळाशी घोटभर उरली होती, ती भरमूने वास ताडून बघायला ठेवली होती. त्या वासाला जुळवत त्याने मनुका भिजवल्या, जांभळाचा शिरका घातला, गूळ घातला. वास हुबेहूब आला, पण साहेब काही फसले नाहीत. पोटात काही गेलं नाही तर महिनाही काढणार नाहीत, असं डॉक्टर सांगून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरमूने बायकोजवळ विषय काढला.

“चाखल्याबिगर जमायचं न्हाय.”

ज्वारी निवडता निवडता गुणाबाईचा हात थांबला. “दुसऱ्या कुणाला तरी चाखाया सांगा की.”

“शेरीची चव ठावं हाय कुणाला? मेमसाबास्नी होती, त्या गेल्या.”

“आणि माळ? ती काय पागोटं हाय व्हय, काढलं न् घातलं? दारू-मटण कायमचं सुटल्याबिगर माळ देणारं म्हाराज ती परत घालायचं न्हाईत.”

“माणूस उपाशी मरालाय गं.”

गुणाबाई पुन्हा ज्वारी निवडू लागली. दोघांनी एकाच दिवशी माळ घेतली होती, त्यामुळे तिच्या जिवाला फार लागलं.

भरमूने माळ काढून देवापुढे ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन शेरीचा तो उरलेला घोट तोंडात घेतला. जीभ पोळली. आणि शेरी गोड नव्हतीच! वास गोड म्हणून चवही गोड असणार, असं तो अठ्ठावीस वर्षं धरून चालला होता. ही तर कोरडी होती, किंचित कडवट, भाजल्यासारखी, शेवटी जराशी खारट. गुळानेच घात केला होता. त्याने तव्यावर मनुका काळपट होईपर्यंत भाजल्या, गरम पाण्यात कुस्करल्या, शिरक्याचे चार थेंब आणि चिमूटभर मीठ घातलं. ते सुपात ओतून सूपही चाखलं. मटणाचा रस्सा होता, तरी त्याने तो घोट गिळला.

दुपारी साहेबांनी पहिला चमचा घेतला आणि ते थांबले. मग दुसरा घेतला. वाडग्याचा तळ दिसेपर्यंत भरमू भिंतीला टेकून उभा होता.

“किसने चखा?” साहेबांनी विचारलं.

“मैंने, साहेब.”

साहेबांनी त्याच्या गळ्याकडे पाहिलं. तिथे माळ नव्हती.

“कल भी बनाना,” ते हळूच म्हणाले.

“जी, साहेब.”

संध्याकाळी भरमूने घडलं ते सगळं बायकोला सांगितलं. ती देवापुढे वात करत बसली होती.

“मग आता माळ कवा घालायची?”

“आता रोजच चाखाया लागंल. साहेब खातोय तवर न्हाय.”

गुणाबाईने दिवा लावला, नवऱ्याच्या माळेला काजळी लागू नये म्हणून ती जरा बाजूला सरकवली, आणि साहेबाला लई आयुष्य दे म्हणून हात जोडले.