टेलरमावशीचा डावा डोळा

बाबा कृत्रिम डोळे बनवायचे. घराच्या पुढच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं. कुणाचा डोळा अपघातात गेलेला असे, कुणाचा आजारात. बाबा त्याला समोर बसवत आणि उरलेल्या डोळ्याकडे बघत बघत बारीक ब्रशने बुबुळ रंगवत. पांढऱ्या भागातल्या शिरांसाठी लाल रेशमाचे तंतू लागत. ते सोडवून द्यायचं काम माझं. "लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकणं हा आपला घरचा धंदा," असं ते आल्यागेल्याला सांगत.

टेलरमावशी पहिल्यांदा आली तेव्हा चोविशीची होती. शिवता शिवता मशीनची सुई तुटून उडाली आणि डावा डोळा गेला. बाबांनी केलेला डोळा तिने घातला, आरशात पाहिलं आणि काढून टेबलावर ठेवला. बाबा रागावले नाहीत. पुढचे दोन दिवस त्यांनी तिला नुसतं बोलतं ठेवलं आणि मग दुसरा केला. तो घालून तिने लग्न केलं, दोन मुली वाढवल्या. दरवर्षी पॉलिश करून घ्यायला यायची ती, आणि मग तासभर दोघांच्या गप्पा चालत.

बाबा गेले, टेबल माझ्याकडे आलं. दोन वर्षांपूर्वी मावशी आली ती साठीची होऊन.

"खरा म्हातारा झाला गं, आणि खोटा आहे तसाच राहिला. मुली म्हणतात, आई, तू एका बाजूने आमची ताई दिसतेस."

खरंच होतं. उजव्या बुबुळाभोवती राखाडी कडा आली होती, पांढऱ्यात पिवळट झाक. मी त्याचा फोटो काढला, मोठा करून समोर लावला आणि ठिपका न् ठिपका उतरवला. इतकं चोख काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं.

"छान आहे," ती आरशात बघत म्हणाली. मग आरसा जवळ धरून, "पण हा माझ्याकडे बघतोय. मी नाही बघत."

मला ते लागलं. "मावशी, केसाचाही फरक नाही."

"तुझे बाबाही तेव्हा हेच म्हणाले होते. दोन दिवसांनी म्हणाले, चूक माझी. डोळा कुणी नुसता बघत नाही. माणूस बोलत असतो तेव्हा तो दिसतो. तसा रंगवायचा तर थोडं खोटं रंगवावं लागतं."

बाबांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी फक्त त्यांचा हात बघितला होता. मी समोरचा फोटो उतरवून बाजूला ठेवला आणि विचारलं, "काय गप्पा मारायचात गं तुम्ही?"

"त्या दोन दिवसांत तुझे बाबा एका डोळ्यावर रुमाल बांधून फिरले. मला कसं दिसतं ते कळावं म्हणून. कपात ओतायला गेले तर अख्खा चहा टेबलावर. वर मलाच म्हणतात, कप सरकवलास का?"

ती हसायला लागली. हसताना उजवी बाहुली मोठी झाली आणि ती राखाडी कडा विरघळल्यासारखी दिसली. मी ब्रश उचलला. बाहुली मापापेक्षा किंचित मोठी केली, कडा पुसट केली. फोटोशी ते बुबुळ मुळीच जुळत नव्हतं. मावशीने तो डोळा घातला, आरशापुढे गेली आणि केस सारखे करू लागली. डोळ्याबद्दल बोललीच नाही.

ती निघाली तेव्हा मी जुना डोळा मागितला. बाबांच्या हातचं माझ्याकडे फारसं उरलं नव्हतं.

"दुसरं काहीही माग," असं म्हणून तिने तो डबीत घालून पर्समध्ये ठेवला.

पुढच्या वर्षी पॉलिशला आली तेव्हा तिने आपणहून कबूल केलं. धाकटीच्या लग्नात जुनाच घातला होता, फोटोसाठी. जरा बोचत होता, पण घातला.

"कुणाला कळलं?"

"छे. पाहुणे जेवणात गुंग." तिने बोटाने डावा गाल पुसला. "तुझे काका तेवढे दिवसभर माझ्या या बाजूला खुर्ची टाकून बसले होते."