तिसऱ्या अँटिव्हायरसची मुदत

मी दार उघडून आत आले तेव्हा कंप्युटरच्या पडद्यावरचा बाण आपला आपण फिरत होता. माऊसवर कुणाचाच हात नव्हता. सासरे खुर्चीत ताठ बसले होते, एक हात मांडीवर, दुसऱ्या हातात कानाला लावलेला फोन, आणि वर्गात उभं केल्यासारखे "हो साहेब, दिसतंय साहेब" म्हणत होते. माझी लेक ठमी त्यांच्या पायाशी डब्यांची झाकणं मांडत होती. आधी मी तिच्याकडेच पाहिलं. डोळे हलत होते, हात ठीक होते. मग पडद्याकडे.

मी औषधाच्या दुकानात गेले होते, वीस मिनिटांसाठी. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावून.

चूक कुणाची, हे सांगायचं तर मला महिनाभर मागे जावं लागेल. घरच्या कंप्युटरला अँटिव्हायरस घ्यायचा होता. दुसरं कुणी असतं तर एक विकत घेऊन मोकळं झालं असतं. मी वहीत रकाने आखले. कुठला मशीन मंद करतो, कुठला उगाच भुंकतो, कुठल्याचे परीक्षक स्वतःच विकले गेलेले वाटतात. नवरा म्हणाला, एवढी चौकशी तर तुझ्या घरच्यांनी माझीही केली नव्हती. मी एकेक करून तीन अँटिव्हायरस फुकटच्या मुदतीवर वापरून पाहिले. एकाची मुदत संपली की तो काढायचा, दुसरा घालायचा. कंप्युटरचा स्वतःचा जो पहारा असतो तो मीच मध्ये कधीतरी बंद केला होता, म्हणजे तुलना नीट व्हावी. तिसऱ्याची मुदत संपून आठ दिवस झाले होते आणि माझं अजून ठरत नव्हतं. हे तिन्ही सारखे लाल पट्ट्या दाखवायचे, म्हणून बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, मी बजावून ठेवलं होतं: लाल पट्टी आली की बंद करू नका, आधी मला हाक मारा.

त्यांनी तसंच केलं. लाल पट्टी आली, त्यांनी बंद केली नाही. मला फोन लावला, तो आतल्या खोलीत वाजला. मग पट्टीवरच एक नंबर होता, त्यावर लावला.

त्या कंप्युटरमध्ये पैशाअडक्याचं काही नव्हतं. ठमीचे अकरा व्हिडिओ होते. तीन वर्षांची ठमी खेळता खेळता थांबते, एकटक बघत राहते, हाक ऐकत नाही, कधी हात उडतो. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी माझं वर्णन ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, सांगू नका, दाखवा. झटका एका बाजूने सुरू होतो की एकदम सगळीकडून, त्यावर औषध ठरतं, आणि एका प्रकारचं औषध दुसऱ्याला दिलं तर झटके वाढतात. दोन महिने मी आणि बाबा आळीपाळीने फोन हातात घेऊन मुलीमागे फिरलो. फोन भरला म्हणून सगळं कंप्युटरवर टाकलं. आज दुपारी चारला त्या व्हिडिओंवरून औषध ठरणार होतं. आता अकरा वाजले होते.

मी फोन मागितला. बाबांनी तळहाताने तो झाकला आणि हळूच म्हणाले, "मध्ये बोलू नकोस, सफाई चाललीय. तोडलं तर सगळं जाईल म्हणतायत."

मी तरी फोन ओढून घेतला. पलीकडचा आवाज अगदी सभ्य होता. ताई, वडीलधाऱ्यांनी योग्य वेळी फोन केला, फक्त दहा मिनिटं मशीनला हात लावू नका. बाण तेवढ्यात एक खिडकी उघडून दुसरी मिटत होता, स्वतःच्या घरात वावरावं तसा. मी टेबलाखाली वाकले आणि इंटरनेटची वायर उपटली. बाण जागच्या जागी थबकला. पलीकडून फोन कापला गेला.

आणि मग मी बोलले. सुनेने सासऱ्यांशी बोलू नये असं, बाहेर ऐकू जाईल इतक्या आवाजात. अनोळखी माणसाच्या हाती घराची किल्ली देता, शिकले-सवरलेले असून, निदान माझी वाट तरी बघायची. सगळ्यात वाईट वाक्य मी हळू आवाजात म्हणाले.

"बाबा, दुपारी तुम्ही येऊ नका. मी एकटीच नेईन तिला."

ठमी उठून कंप्युटरच्या डब्याशी गेली आणि त्यावर बोट ठेवून म्हणाली, "आई, लुकलुक."

डब्यावरचा छोटा दिवा सारखा लुकलुकत होता. नेट नव्हतं, बाण थांबला होता, तरी आत काहीतरी जोरात काम करत होतं. मी ठमीचं फोल्डर उघडलं. व्हिडिओंची नावं माझ्या डोळ्यांदेखत बदलत होती. एकेकाला भलतंच शेपूट चिकटत होतं. अकरावा, दहावा, नववा. मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

कोपऱ्यावर कंप्युटर दुरुस्त करणाऱ्या बाई आहेत. त्यांनी डबा उघडून डिस्क बाहेर काढली आणि वेगळ्या मशीनला लावली. मी सगळी हकिगत सांगितली, तीन अँटिव्हायरससकट. त्या डिस्कवरून नजर न काढता म्हणाल्या, "तीन पहारेकरी तपासलेत आणि दार उघडं टाकून चौथ्याची वाट बघत बसलात. अहो, नावाजलेला कुठलाही एक घ्यायचा आणि चालू ठेवायचा. संसार एकाशीच करायचा असतो."

मला हसू आलं नाही. काही वेळाने त्यांनी सांगितलं की सात व्हिडिओ शाबूत आहेत आणि चार कुलूपबंद झालेत. ते आज तरी उघडणार नाहीत, कदाचित कधीच नाहीत. मी विचारलं, वायर तर लगेच काढली होती. त्या म्हणाल्या, वायर काढल्याने तो माणूस बाहेर गेला, पण त्याने सोडलेलं आतच राहिलं. तेव्हाच बटण बंद केलं असतं तर बहुतेक सगळे वाचले असते.

सात व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घेऊन मी घरी आले. चार कुठले गेले ते मला पाठ होतं. नववाही त्यातच होता. नवव्यातच झटका पहिल्या क्षणापासून पकडला होता, बाकीच्यांत फोन हातात येईस्तोवर तो निम्मा होऊन गेलेला असे.

बाबा कपडे करून ठमीला मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "मी बाहेर बसेन. हिला सांभाळायला कुणीतरी लागेल ना." मी मान डोलावली.

डॉक्टरीणबाईंनी सातही व्हिडिओ पाहिले, काही दोनदा. मग चष्मा काढून विचारलं की सुरुवात दिसेल असा एखादा आहे का. मी म्हटलं, होता. त्यांनी विचारलं, त्यात कोणता हात आधी उडाला होता? मी डोळे मिटून तो नववा व्हिडिओ आठवायचा प्रयत्न केला. उजवा वाटला, मग डावा वाटला, मग दोन्ही. मी तो वीस वेळा तरी पाहिला होता. माझ्या तोंडून उजवा असं निघतच होतं, पण अंदाजाने सांगितलेल्या हातावर माझ्या मुलीचं औषध ठरणार होतं. मी उठून दार उघडलं.

"बाबा, आत या."

ठमीला घेऊन ते आत आले, प्रश्न ऐकला. मग म्हणाले की तो व्हिडिओ त्यांनीच काढला होता, ठमी तेव्हा त्यांच्या मांडीवर होती. फोन आपल्या उजव्या हातात, आणि डाव्या हाताचं बोट तिने मुठीत धरलेलं. आधी ती मूठ आवळली गेली, बोट दुखेपर्यंत. तिचा दुसरा हात तेव्हा सैल होता, त्यात बिस्किट होतं, ते पडलंही नव्हतं. मग तोंड एका बाजूला गेलं आणि त्यानंतर सगळं अंग. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, म्हणजे तिचा कोणता हात? त्यांनी ठमीला मांडीवर तशीच बसवली, बोट पुढे केलं. ठमीने ते सवयीने पकडलं. डाव्या हाताने.

"हे पुरेसं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एका व्हिडिओत तोंड डावीकडे ओढलेलं पुसटसं दिसत होतं, तो त्यांनी पुन्हा लावून पाहिला आणि लिहायला लागल्या. कमी मात्रेने सुरू करू, पंधरा दिवसांनी दाखवा.

औषध घेऊन आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. ठमी दोघांच्या मध्ये. मला राहवेना. मी सांगून टाकलं: वायर काढून उपयोग नव्हता, त्याच वेळी बटण बंद करायला हवं होतं. चार व्हिडिओ तुमच्यामुळे गेले नाहीत, मी चार मिनिटं तुम्हाला बोलत बसले तेव्हा गेले.

बाबा ठमीच्या चपलेचा पट्टा लावत होते.

"चार नाही, सहा," ते म्हणाले. "मी घड्याळाकडे बघत होतो. तुझ्याकडे बघायची छाती नव्हती."