देवदूताच्या पायाखालचा आरसा

मित्रांनो, आधी केस नीट करून घ्या. दातात काही अडकलं असेल तर तेही काढा. मी थांबतो. मला सवय आहे.

झालं?

मी एक जुना आरसा आहे. सध्या तुकड्यांत आहे, म्हणून गोष्टही तुकड्यांतच सांगणार. चालवून घ्या.

मोठा तुकडा

मी जन्मलो तो उभा. झेन्झी हेफेले हिच्या लग्नातल्या कपाटाच्या दारात मी बसवलेला होतो. कपाटावर निळी फुलं रंगवलेली होती आणि रोज सकाळी झेन्झी माझ्यासमोर वेण्या घालायची. आरशाला आणखी काय हवं असतं?

पण झेन्झीचा नवरा आलोइस हा मोसरीड गावातल्या चर्चच्या किल्ल्या सांभाळायचा. घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या आणि बसमधून उतरणाऱ्या प्रवाशांना छत दाखवायचं, ही त्याची कामं. ते छत म्हणजे चर्चचं सगळं वैभव. ढग, सोनं, स्वर्गात निघालेली माता मारिया आणि तिच्याभोवती गुटगुटीत देवदूत. त्यातल्या एका देवदूताचं अंग रंगवलेलं, पण डावा पाय चुन्यात घडवलेला. तो चित्राच्या चौकटीबाहेर लोंबतो. रंग कुठे संपतो आणि चुना कुठे सुरू होतो, ते खालून कुणालाच सांगता येत नाही. लोक तासन्‌तास वर बघायचे. मग माना धरायच्या आणि तक्रार फादरकडे जायची. शेवटी फादर वैतागून म्हणाले, "खाली एखादा आरसा ठेव रे, आलोइस. त्यातच बघू देत छत."

आलोइस घरी आला. त्याने मला दारातून काढलं, आडवं करून एका टेबलावर बसवलं आणि खाली जुन्या बाबागाडीची चाकं लावली. झेन्झी गोठ्यातून परतली तेव्हा कपाटाच्या दाराला भलं मोठं भगदाड होतं.

"आलोइस, माझा आरसा कुठंय?"

"लोकांना स्वर्ग दाखवायला नेलाय."

"माझ्या आईने दिलेला आरसा नेलास, आणि मलाच स्वर्गाच्या गोष्टी सांगतोस? मग ऐकून ठेव. तुझ्या त्या छताकडे मी पुन्हा ढुंकून बघणार नाही."

तिने शब्द पाळला. दर रविवारी ती तरातरा माझ्याकडे यायची, वाकून हॅट सारखी करायची आणि नजर खाली ठेवून बाकावर जाऊन बसायची. तिचं ते बाक माझ्या शेजारीच, बरोबर त्या पायाखाली होतं. वर्षं गेली, केस पिकले, हॅटा बदलल्या. छताकडे तिने पाहिलं नाही. माझ्यातसुद्धा नाही.

तिला निदान कारण होतं. बाकीच्यांचं काय?

एवढं मोठं छत मी अंगावर घेऊन पडलेला असायचो, एकेक ढग जागच्या जागी, आणि लोक माझ्यात वाकून काय बघायचे? स्वतःचं नाक! एक बाई ओठ रंगवायची. एक गृहस्थ हनुवटीवरचा फोड न्याहाळायचा. "सकाळपासून हे चौथं चर्च," तो बायकोला सांगत होता. "प्राग, साल्झबुर्ग, पुन्हा हे. सगळीकडे तीच पोरं उडतायत. मला आता जेवायचंय." त्याच्या टकलाच्या मागे मारिया स्वर्गात जात होती.

मागे कोण भांग पाडतंय? ऐका की.

मधला तुकडा

प्रवाशांमध्ये एक जण मात्र दर उन्हाळ्यात यायचे. डेटलेफ हार्मसेन, उत्तरेकडचे निवृत्त शाळामास्तर. शहरामागून शहरं पालथी घालायची आणि शेवटी मोसरीडच्या खानावळीत आठवडाभर मुक्काम ठोकून सगळ्यांना नावं ठेवायची, हा त्यांचा नेम.

"हे चर्च आहे की साय लावलेला केक?" ते आलोइसला विचारायचे. "आमच्या ल्युबेकला या. लाल विटा, उंच भिंती, एक शब्द जास्त नाही. स्ट्रासबर्गचा मनोरा बघा, दगडाची जाळी विणलीय. सिएनाच्या चौकात बसा, तो शिंपल्यासारखा उतरत जातो, उठवत नाही तिथून. आणि तुमच्याकडे? तुमच्याकडे सगळे एकदम बोलतायत!"

"तरी दर वर्षी येता, मास्तर."

"बिअरसाठी येतो."

खोटं. बिअर पिऊन झाल्यावरही ते माझ्याजवळ येऊन तास तास उभे राहायचे. फक्त आधी मिशी विंचरायचे. आधी मिशी, मग कला. त्यांच्याकडून मला जास्त आशा होती, म्हणून रागही जास्त.

आता नीट ऐका, कारण इथे सगळं बिघडलं.

एका वसंतात मला त्या चुन्याच्या पायामागे एक डाग दिसला. बशीएवढा, करडा. छपरावरचं कौल बर्फाबरोबर घसरलं होतं हे मला नंतर कळलं, पण डाग रंगाचा नव्हता एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं. मी त्या छताचा कण न् कण ओळखत होतो. मी तो डाग दिवसभर दाखवत राहिलो. आरसा आणखी काय करणार? हाका मारता येत नाहीत. लोक आले, दात बघितले आणि गेले.

उन्हाळ्यात मास्तर आले. मिशी झाली. मग एकदम ओरडले, "आलोइस! ही सावली!"

"कुठली सावली?"

"पायाची! त्या चित्रकाराने लोंबत्या पायाची सावलीसुद्धा रंगवलीय! कमाल आहे. एवढी वर्षं मी हे पाहिलं कसं नाही?"

आलोइसने वर पाहिलं. त्यानेही ती कधी पाहिली नव्हती. पण ज्या छताची तो जन्मभर माहिती सांगत आला, त्यातलं काही त्याला ठाऊक नाही असं तो एका परगावच्या मास्तरापुढे कसं म्हणणार? त्याने खिशात हात घातले आणि म्हणाला, "मी मुद्दाम सांगत नाही, मास्तर. ज्याला डोळे आहेत त्याला दिसते."

संपलं! दुसऱ्या दिवसापासून सावली त्याच्या माहितीत आली. मासे धरायची काठी उंचावून तो सांगायचा, "आणि ही बघा, जगात कुठे नसेल अशी सावली." लोक "वा" म्हणायचे. वरून पाणी मुरत होतं, गिलावा फुगत होता, आणि खाली टाळ्या वाजत होत्या. या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या खोटे खांब, खोटं आकाश, खोटे संगमरवर यांचं कौतुक करायची इतकी सवय, की खरी ओलसुद्धा त्यांना कारागिरी वाटली!

पुढच्या वर्षी मास्तर थबकले. "सावली जरा मोठी वाटतेय का रे?"

"उन्हाळ्यातला उजेड, मास्तर."

"हं. बरोबर. उजेडच."

मित्रांनो, मला तेव्हाच तडकावंसं वाटलं.

किरकोळ काचा

ऑगस्टमधला मारियेचा सण. त्या दिवशी बायका रानातल्या झाडपाल्याच्या जुड्या बांधून आशीर्वादासाठी चर्चमध्ये आणतात. आदल्या रात्री वादळ झालं होतं. सकाळी झेन्झी सगळ्या बायकांच्या आधी आली, नवी हिरवी हॅट घालून, हातात जुडी. नेहमीसारखी माझ्यावर वाकली.

टप्. माझ्यातल्या तिच्या नाकावर थेंब पडला.

"जुडी गळतेय वाटतं," म्हणत तिने जुडी बाकावर ठेवली आणि मला बाहीने पुसलं.

टप्.

"आलोइस, पवित्र पाणी माझ्या अंगावर उडवू नकोस. नवीन हॅट आहे."

"मी मेणबत्त्यांपाशी आहे, बाई. माझा हात काय एवढा लांब आहे?"

टप्. या वेळी हॅटवर. आणि हॅटचा प्रश्न आल्यावर झेन्झी इतक्या वर्षांचा शब्द विसरली. तिने मान वर केली.

"ते काय आहे तिथे? पायाच्या मागे?"

पहिल्या बाकावर मास्तर बसले होते. ते खूश होऊन उठले. "अरे वा, हेफेलेबाई, अखेर पाहिलंत! ती प्रसिद्ध सावली. उजेड डावीकडच्या खिडकीतून येतो, म्हणून—"

"मी हे छत शेवटचं पाहिलं तेव्हा नवी नवरी होते. तेव्हा नव्हती ही."

"बाई, तुमच्या लक्षात नसेल."

"माझा आरसा गेला त्या आठवड्यातलं मला सगळं लक्षात आहे. आणि मास्तर, रंगवलेली सावली हॅटवर टपकत नाही."

आलोइसने वर पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, मग बायकोच्या ओल्या हॅटकडे. त्याचा चेहरा मेणासारखा झाला. "सगळ्यांनी बाहेर चला," तो म्हणाला. दारात जमलेल्या बायकांना त्याने अंगणातल्या लिंडेनच्या झाडाखाली नेलं. फादरांनी प्रार्थना तिथेच सुरू केली. मी मात्र आत राहिलो. माझ्या चाकांची खुंटी लावलेली होती, आणि घाईत माझी आठवण कुणाला येणार?

मग सणाची मोठी घंटा वाजली. भिंती थरथरल्या. मी वर बघत होतो, मला दुसरीकडे बघताच येत नाही. पाय हलला. पाय सुटला. तो मोठा मोठा होत माझ्याकडे आला. एवढ्या वर्षांत माझ्याकडे कुणी इतकं सरळ आलं नव्हतं.

कौल बसवलं. कारागिरांनी नवा पाय केला. आता खाली नवा आरसा आहे आणि त्यात लोक नवे दात बघतात. मास्तर पुन्हा आले. म्हणाले, सावलीशिवाय ते छत अगदीच पोरकट दिसतं. पण मिशी विंचरली नाही. आधी छत पाहिलं, बराच वेळ, मग झेन्झीच्या बाकाकडे.

माझे तुकडे झेन्झीने गोळा केले. "माझा आहे," एवढंच म्हणाली. आलोइसने मुकाट्याने ते सांधून निळ्या फुलांच्या दारात बसवले. मी पुन्हा उभा आहे. तिचं कपाळ एका तुकड्यात दिसतं, हनुवटी दुसऱ्यात, हॅट दोन्हींत. तिची तक्रार नाही.

माझी आहे. या खोलीच्या छताचा एक कोपरा माझ्या वरच्या तुकड्यात दिसतो. तिथे एक डाग आलाय. बशीएवढा, करडा. काल झेन्झीने विचारलंसुद्धा. आलोइस पलंगावरून म्हणाला, "दिव्याची सावली असेल."

मित्रांनो, तुमच्या घरी आरसे असतील. त्यांना पुसा, तडा गेला म्हणून टाकू नका. आणि भांग पाडून झाला की एकदा मान वर करा. आम्ही एवढ्यासाठीच उभे असतो. मला काय, मी पुन्हा फुटायला तयार आहे. पण या वेळी खाली पलंग आहे आणि त्यावर ती दोघं झोपतात.