दर सोमवारी, सकाळी दहा

पुण्याहून आलेली फाइल आसमाच्या कम्प्युटरवर उघडायलाच तयार नव्हती. टिचकी मारली की नोटपॅड उघडायचं आणि त्यात इंग्रजी अक्षरांची नि आकड्यांची नुसती खिचडी दिसायची. मेलमध्ये मात्र फर्मान होतं: सोबतची कॅलेंडर फाइल तालुका ऑफिसच्या मेल प्रोग्राममध्ये आजच आयात करावी आणि तीन वाजेपर्यंत तसे कळवावे. आयात म्हटलं की आसमाला तुरीची डाळ आठवायची. पेपरात तोच एक माल परदेशातून आयात होत असतो आणि इथल्या तुरीचा भाव पाडत असतो.

संग्रामपुरातलं हे ऑफिस म्हणजे खताच्या दुकानाच्या माडीवरची दीड खोली. कापूस पिकवणाऱ्यांना शहाणं करायला निघालेल्या पुण्याच्या एका संस्थेची ती तालुका शाखा. गावं सहा आणि माणसं तीन. वामनराव साहेब, कम्प्युटरवर आसमा, आणि गावोगाव फिरून प्रशिक्षण देणारा ज्ञानेश्वर. त्यातला ज्ञानेश्वर जूनअखेर चिखलीला दुसरी नोकरी धरून निघून गेला. त्याच्या जागी माणूस द्या म्हणून वामनरावांनी पुण्याला चार पत्रं धाडली, पण पुणं काही हललं नाही. मागच्या अर्ध्या खोलीत हातमोज्यांचे आणि चष्म्यांचे सहा खोके मे महिन्यापासून पडून होते. बॅनर लावून फोटो काढल्याशिवाय ते वाटायचे नाहीत असा हुकूम होता आणि बॅनर छापून आलंच नव्हतं. त्यातल्याच एका खोक्यावर आसमा रोज आपला डबा ठेवायची.

शेवटी तिनं पुण्याला पूनम मॅडमना फोन लावला. पुण्याशी बोलताना आसमा आपलं वऱ्हाडी ‘काऊन’ आणि ‘मले’ घरी ठेवून यायची.

“अगं, फाइलवर क्लिक नको करूस,” पूनम मॅडम म्हणाल्या. “आधी मेल उघड. वर डाव्या कोपऱ्यात फाइल आहे ना? त्यात इम्पोर्ट शोध.”

“सापडलं, मॅडम. आता विचारतंय, नवीन कॅलेंडर करू की आहे त्यातच घेऊ?”

“आहे त्यातच घे, तुझ्या. नवीन नको.”

“नवीन का नको, मॅडम?”

“वेगळं दिसेल गं. कर पटकन, मला मीटिंग आहे.”

पुढच्या हंगामाचं वेळापत्रक असेल, असं समजून आसमानं बटण दाबलं. हिरवी पट्टी भरत गेली. तेव्हा अडीच वाजले होते. आपल्याला जमलं याचा तिला आनंदही झाला. तेवढ्यात टिंग करून एक चौकट उघडली, आठवण करून देणारी. एकाखाली एक आठ आठवणी, आणि प्रत्येकीपुढे उशीर लिहिलेला: चार आठवडे उशीर, पाच आठवडे उशीर, असं करत अकरा आठवडे उशीर. जे पुढे व्हायचं आहे त्याला आधीच उशीर कसा होईल? तिनं चालू ऑक्टोबरचं पान पाहिलं, ते कोरं होतं. मग ती उलटी मागे गेली. सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै. प्रत्येक सोमवारी सकाळी दहाला एक निळी पट्टी. कुणीतरी एकदाच लिहून ‘दर सोमवारी’वर खूण केली होती आणि आठ प्रशिक्षणं झाली होती. मांडवाशिवाय, माणसाशिवाय, चहाशिवाय.

‘फवारणी सुरक्षा प्रशिक्षण. स्थळ: वरवट बकाल, समाजमंदिर. आयोजक: आसमा.’ खाली चौतीस नावं. अकरावं नाव इंद्रभान.

आसमानं ते नाव दोनदा वाचलं.

इंद्रभान तिच्याच गावचा, वरवट बकालचा, रामरावांच्या शेतावरचा सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावरचा गडी. बीटीच्या कपाशीला अळी लागत नाही, असं सांगून दुकानदारांनी बियाणं विकलं होतं. यंदा गुलाबी अळीनं बोंडं आतून पोखरली, तेव्हा तेच दुकानदार औषधं विकू लागले. कपाशी डोक्याच्या वर गेलेली. पाठीवर पंप घेऊन इंद्रभान त्या जंगलात शिरायचा आणि औषधाचा फवारा त्याच्याच तोंडावर परत यायचा. सप्टेंबरात एका दुपारी तो बांधावर कोसळला. अकोल्याला पंधरा दिवस काढून जीव घेऊन परत आला, पण नजर तिकडेच राहिली. आता त्याला सावल्या तेवढ्या दिसत. उद्या त्याच प्रकरणाची चौकशी करायला जिल्ह्याहून साहेब येणार होते, याच ऑफिसात.

फाइल आजच का आली, हे आता सांगायला कुणी लागत नव्हतं. प्रशिक्षण दिलं होतं, याचा अर्थ संस्थेनं सांगितलं आणि इंद्रभाननं ऐकलं नाही. डोळे त्याचे, दोषही त्याचा.

ती पुन्हा एकेक तारीख पाहू लागली. एकवीस ऑगस्टवर तिचं बोट थांबलं. त्या दिवशी पोळा होता. तिला पक्कं आठवत होतं, कारण तिचे अब्बा, रहेमतुल्ला, गावातले शिंपी, आणि पोळ्याच्या आधीचे आठ दिवस त्यांच्या घरात बैलांच्या झुलींशिवाय दुसरं काही नसायचं. झुली द्यायची तारीख अब्बांच्या वहीत तीच लिहायची. त्या सकाळी दहाच्या सुमारास इंद्रभान रामरावांच्या जोडीची झूल न्यायला आला होता. अम्मी, म्हणजे अमीरबी, यांनी त्याला चहा दिला होता. लाल कापडावरच्या आरशांवरून हात फिरवत तो म्हणाला होता, “भाई, इतकं बारीक काम कायले करता? बैलाले काय समजते?” आणि अब्बा दात काढून म्हणाले होते, “बैल बोलत नाही इंद्रभान, पण गाव पाह्यते ना!”

पुण्याच्या कॅलेंडरात हे कुठून असणार! वऱ्हाडात पोळ्याच्या दिवशी प्रशिक्षण ठेवलं तर समाजमंदिरात कुत्रंही फिरकणार नाही.

जिन्यावर वामनरावांची पावलं वाजली. ते येऊन तिच्या मागे उभे राहिले. निळ्या पट्ट्या पाहिल्या आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत बसले.

“साहेब, हे तं झालंच नाही,” आसमा म्हणाली. “अन् नाव माह्यं हाये.”

“ज्याच्या कम्प्युटरात घेतलं त्याचं नाव येते म्हने. मले बी आत्ताच फोनवर सांगतलं.”

“मी काढून टाकू?”

“काढ. उद्या ऑफिसले कुलूप लागते. मी जातो घरी, साठीले आलो. तू कोठी जाशीन बेटा?”

यात धमकी नव्हती, म्हणून तर ते जास्त लागलं. आसमाच्या गल्लीतल्या पोरी बारावीनंतर घराबाहेर दिसत त्या लग्नातच. अब्बा दोन वर्षं नाही म्हणत होते. वामनराव त्यांच्या ओट्यावर येऊन बसले, चार कप चहा प्याले आणि म्हणाले, माह्या लेकीसारखी सांभाळीन. त्या शब्दावर ही खुर्ची मिळाली होती. ही खुर्ची, ही रस्त्यावर उघडणारी खिडकी, आणि येता-जाता काळ्यापिवळ्या गाडीत मिळणारा अर्धा तास, ज्यात ती कुणाची मुलगी नसायची की कुणाची बहीण. हे गेलं की मागे दार बंद होणार आणि ते पुन्हा कुणी उघडणार नाही, हे तिला लख्ख ठाऊक होतं.

तिनं कळवलं: आयात झाली. पूनम मॅडमनी अंगठा पाठवला, पिवळा.

पोळ्याची गोष्ट तिनं वामनरावांना सांगितली नाही. सांगितली असती तर त्यांनी ती पट्टी एक दिवस पुढे सरकवायला लावली असती आणि खोटं घट्ट झालं असतं. तशीच राहू दे, तिनं मनाशी ठरवलं. उद्या कुणीतरी पाहील, पोळ्याच्या दिवशी प्रशिक्षण कसं हो, म्हणेल, आणि सगळं आपोआप कोसळेल. आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. साप मरेल आणि काठीही शाबूत राहील. खरं म्हणजे ही शुद्ध भित्रेपणाची हुशारी होती आणि तिला ती कळतही होती. पण बुडत्याला काडीचा आधार. ती काडी उराशी धरून आसमा घरी गेली.

दुसऱ्या दिवशी अकराला जिल्ह्याचे साहेब आले. माणूस सरळ, पण कोकणातला, आणि इथे येऊन चारच महिने झालेले. त्यांनी आसमाच्या खुर्चीवर बसून पडद्यावर एकेक पट्टी उघडून पाहिली. एकवीस ऑगस्टचीही पाहिली. वहीत टिपून घेतली आणि पुढची उघडली. आसमा भिंतीला टेकून उभी होती. वामनरावांनीही पाहिली. त्यांचंही काही अडलं नाही. पोळा श्रावणी अमावास्येला असतो, एकवीस ऑगस्टला नव्हे. वऱ्हाडात तो कुणाला इंग्रजी तारखेनं माहीत असणार? तिच्याशिवाय कुणालाच नाही.

थोड्या वेळानं चांगुणा नवऱ्याला घेऊन जिना चढून आली. इंद्रभानचा एक हात तिच्या खांद्यावर आणि दुसरा भिंतीवर. खुर्चीवर बसवल्यावर तो आवाजाच्या अंदाजानं तोंड फिरवत राहिला.

“तुम्हाला फवारणीचं प्रशिक्षण मिळालं होतं का?” साहेबांनी विचारलं.

“मले तं याद नाही साहेब.”

“चोवीस जुलै, एकतीस जुलै, सात ऑगस्ट, चौदा, एकवीस, अठ्ठावीस... या तारखांना?”

“याईले तारखीतलं काय समजते साहेब,” चांगुणा मध्येच म्हणाली. “सन-वार सांगा, तं सांगतीन.”

“सगळे सोमवार आहेत. इथे नोंद आहे, तुमचं नावही आहे. आयोजक आसमा, इथल्याच.”

“कोन?” इंद्रभाननं मान वर केली. “रहेमतुल्लाभाईची आसमा?”

“हो.”

तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाला, “मंग झालं असंन साहेब. दवाईनं डोये नेले, तशी यादबी नेली असंन. त्या घरातली पोरगी खोटं नाही लिवनार.”

चांगुणा त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी दोन ओळींचा जबाब लिहिला: प्रशिक्षण झाले असावे, मला स्मरत नाही. कागद वामनरावांकडे सरकवला. इंद्रभान आधी सही करायचा, वाकडी का होईना, आता ओळच दिसत नव्हती.

“आसमा,” वामनराव तिच्याकडे न पाहता म्हणाले, “शाईचं पॅड आन. अंगठा घ्या लागते.”

तिनं ड्रॉवरमधून पॅड काढलं आणि इंद्रभानपुढे गुडघ्यावर बसली. त्याचा अंगठा हातात घेतला. नखाची कड औषधानं जळून पिवळी पडली होती. तिनं तो शाईवर टेकवला. सैल, आज्ञाधारक अंगठा, जिकडे न्याल तिकडे येणारा. कागद चार बोटांवर होता. तिला वाटलं, कुणीतरी बोलावं. चांगुणानं, वामनरावांनी, त्या मुक्या कम्प्युटरनं तरी. सगळ्यांत जास्त लाज तिला त्या भरवशाची वाटली. या माणसानं तिला लहानपणी रामरावांच्या बैलगाडीतून शाळेत सोडलं होतं.

“इंद्रभानभाऊ,” ती म्हणाली आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला. “एकवीस ऑगस्टले पोळा होता.”

अंगठा तिच्या हातात ताठ झाला.

“पोळा?” इंद्रभान म्हणाला. हरवलेली म्हैस दारात दिसावी तसा त्याचा चेहरा उजळला. “पोळ्याले तं मी सकायी तुमच्याच घरी होतो! झूल न्यायले आल्तो. लाल होती, आरशाची. अमीरबीनं चहा देल्ला. साहेब, त्या दिवशी कोन्तं प्रशिक्षन? पोळ्याले मानूस बैल सोडून कोठी जाते काय?”

“आन बाकीच्या सोमवारी तुमी दवाई माराले रामरावाच्या खालच्या वावरात!” चांगुणाला आता कुणी थांबवू शकत नव्हतं. “म्या भाकरी घेऊन येत होती रोज!”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते आसमाकडे पाहत होते. वामनरावांनी खिडकीकडे तोंड फिरवलं होतं.

“मग ही नोंद केली कुणी?” साहेबांनी विचारलं. “पुण्यावर ढकलू नका. इथे नाव तुमचं आहे.”

पुण्याची मेल अजून तिच्या कम्प्युटरात होती. ती दाखवता येणार होती, दाखवावीच लागणार होती. पण बटण दाबणारा हात पुण्याचा नव्हता आणि काल रात्री भाकर खाऊन झोपलेली बाई पुण्याची नव्हती. आसमानं इंद्रभानच्या अंगठ्यावरची शाई आपल्या ओढणीच्या टोकानं पुसली. नीट, सगळी निघेपर्यंत पुसली.

“मी केली, साहेब,” ती म्हणाली. “काल, दुपारी अडीच वाजता.”